बोअरला बांधलेली तार

१

मोटार गुणगुणायला लागली की मी आधी अर्थिंग बघतो. बाकीचे मेकॅनिक मोटार उघडून बसतात, वाइंडिंग बाहेर काढतात, गिऱ्हाइकाला घाबरवून सोडतात. मी नाही. जवळपास बोअरचा लोखंडी पाइप दिसला की त्याला तार आवळायची आणि बुडाशी मीठ-पाणी ओतायचं. निम्मी दुखणी तिथेच मरतात. जेवढं लोखंड खोल, तेवढं अर्थिंग चांगलं. शाळेत मी टिकलो नाही, मास्तरची पट्टी मीच मोडली होती. पण हे काम मला येतं आणि यात मला कुणी शिकवायला आलेलं चालत नाही.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे केलं ते याच सवयीने केलं. मूर्ख म्हणायचं तर म्हणा, पण पूर्ण ऐकून म्हणा.

माझी धाकटी मुलगी, घरात सगळे तिला बारकीच म्हणतात. लग्न झालं, सासरी पटलं नाही, एक बॅग घेऊन परत आली. तिकडे काय झालं ते मला नीट सांगितलं नाही. तिच्या आईला सांगितलं असेल. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "बाबा, तुम्ही ऐकाल आणि तिकडे जाऊन कुणाचं तरी डोकं फोडाल." खरं होतं ते. मग विचारलं नाही.

परत आल्यावर तिने काम धरलं. एक कंपनी तिला लोकांच्या बोलण्याच्या रेकॉर्डिंग पाठवते, कुठली मीटिंग, कुठला डॉक्टर, कुठला वकील. बारकी कानाला हेडफोन लावून ते ऐकते आणि टाइप करून पाठवते. रेकॉर्डिंग एकेक अशी घाण, की माणूस बोलतोय का पंखा तेच कळत नाही. तिच्या चुका निघायला लागल्या. कंपनीने दम भरला की अशाच चुका राहिल्या तर काम बंद.

"काम बंद झालं तर मी त्या घरी परत जाईन," ती जेवताना म्हणाली. "इथे तुमच्या जिवावर बसून राहणार नाही."

"बस की," मी म्हटलं. "उठवतंय कोण?"

"तुम्ही नाही उठवणार. पण मलाच बसवणार नाही."

तिची आई माझ्याकडे बघत राहिली, जसं काय मीच तिला घालवायला निघालोय.

२

मग तिने तो डबा मागवला. काळा, लोखंडी, विटेएवढा, आणि उचलला तर विटेपेक्षा जड. पुढे आवाजाचं एक मोठं गोल बटण आणि हेडफोनचं जाड भोक. मागे केबल लावायची भोकं आणि लो-हाय असा एक बारका खटका. मी म्हटलं, "यात आहे काय एवढं?"

"कॉम्प्युटरमध्ये आवाज म्हणजे नुसते आकडे असतात बाबा. हा डबा आकड्यांचा आवाज करतो. मग तोच आवाज मोठा करून हेडफोनला देतो. कॉम्प्युटर स्वतः हे करतो पण खरखर करतो. हा साफ करतो."

"म्हणजे पाण्याचा फिल्टर आणि पंप एकाच डब्यात."

ती हसली. परत आल्यापासून पहिल्यांदा हसताना बघितली मी तिला.

जोडणी मी केली. कॉम्प्युटरची केबल मागच्या चौकोनी भोकात, करंटची पिन बोर्डात, हेडफोन पुढे. लाल दिवा लागला. बारकीने हेडफोन चढवले आणि लगेच तोंड वाकडं केलं.

"काय झालं?"

"गुणगुणतंय. मोटारीसारखं."

मी कानाला लावून बघितलं. बरोबर होतं. बारीक, एका सुरात, न थांबता. मी दुकानदाराला फोन लावला.

"काका, ग्राउंड लूप असेल," तो म्हणाला.

"लूपबीप मला सांगू नका. डबा गुणगुणतोय की नाही?"

"डबा नाही गुणगुणत काका. तुमच्या घरातलं वायरिंग गुणगुणतंय."

"घरातलं वायरिंग मी स्वतः केलंय."

"म्हणूनच म्हणतोय."

मी फोन कापला. बारकी तोंडावर हात ठेवून हसत होती. माझं डोकं तापलं होतं. पण अर्थिंग मला कळतं, आणि आमच्या घरामागे बोअर आहे.

३

ती बोअर कधीच लागली नाही. बरीच खोल गेली, खाली नुसती कोरडी धूळ, पाण्याचा थेंब नाही. तोंडावर मी लोखंडी पत्रा वेल्डिंग करून टाकला आणि विसरून गेलो. बारकीच्या खोलीची खिडकी तिकडेच उघडते.

पाइपचा गंज घासला, तांब्याची तार क्लॅम्पने आवळली, बुडाशी मीठ-पाणी ओतलं. पाणी आत गेलं ते गेलंच, वर ओल राहिली नाही. तार खिडकीतून आत घेतली, डब्याचा मागचा एक स्क्रू सैल केला, खालचा काळा रंग खरवडला आणि तार त्याखाली दाबली.

"आता लाव."

बारकीने हेडफोन चढवले.

"गेलं का नाही?"

तिने मान हलवली. मग मी लावून बघितलं. गुणगुण गेली होतीच, पण त्याच्याबरोबर बाकी सगळंच गेलं होतं. एवढं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. रात्री शेतात पण एवढं नसतं. कानात कुणी ओला बोळा घालावा तसं.

"झालं का काम?" मी म्हटलं. "दुकानदाराला सांग काकांनी सलाम सांगितलाय."

पुढचे काही दिवस तिचं काम असं चाललं की काही विचारू नका. कंपनीकडून शाबासकी आली. बायको म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या तारेचा घराला उपयोग झाला." मी पण मोठ्या ऐटीत बसलो होतो.

४

एका सकाळी मी ओसरीत स्टूल ओढून पंपाचं सील बसवत होतो. बारकी खोलीतून बाहेर आली, हेडफोन गळ्यात.

"बाबा, आत्ता स्टूल ओढलंत?"

"ओढलं. का?"

"मला आलं ऐकू. हेडफोनमध्ये."

"मग कान उघडेच आहेत तुझे, येणारच."

"तसं नाही. रेकॉर्डिंग बंद होती. हेडफोनच्या आत आलं."

मी आत गेलो. डब्याला माइक नाही. कॉम्प्युटरचा माइक तिने बंद ठेवला होता, तरी मी कॉम्प्युटरची केबलच डब्यातून उपटून ठेवली. हेडफोन लावला. बायको स्वयंपाकघरात चालत होती आणि तिचं पाऊल मला डब्यातून ऐकू येत होतं. धप, धप. मग मोरीत भांडं ठेवल्याचा आवाज.

मी घाबरलो नाही. आम्ही स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावतो आणि टोक मोटारीला टेकवतो, बेअरिंग आतून कसं फिरतंय ते स्वच्छ कळतं. लोखंड आवाज वाहून नेतं. जमिनीचा धक्का पाइपात, पाइपातून तारेत, तारेतून डब्यात, आणि डब्याचं काम आवाज मोठा करायचं. मी बारकीला हे समजावलं आणि ती म्हणाली, "हो बाबा, असेल."

पण एक गोष्ट मी तिला बोललो नाही. स्वयंपाकघर त्या खोलीच्या बाजूला आहे. बायकोची पावलं मात्र बाजूने येत नव्हती. ती माझ्या डोक्यावरून जात होती.

आमच्या घराला वरचा मजला नाही.

५

मग तिचं काम पुन्हा बिघडलं. या वेळी चुका नव्हत्या, ती काही पाठवतच नव्हती. मी दुपारी डोकावलो तर कॉम्प्युटर बंद, डब्याचा लाल दिवा चालू, आणि ही हेडफोन लावून खुर्चीत बसलेली. सकाळचं ताट तसंच टेबलावर, झाकलेलं.

"काय ऐकतेस?"

मी खांदा हलवला तेव्हा हळूच एक कान सरकवला.

"काही नाही. घर."

"घर ऐकायला हेडफोन कशाला लागतात? मी ओरडलो की शेजारच्यांना पण ऐकू येतं."

"इथून लांब वाटतं ना सगळं," ती म्हणाली. "तुम्ही दोघं वर चालता, बोलता. पण माझ्यापर्यंत काही येत नाही. कुणी काही विचारत नाही. बरं वाटतं."

"वर म्हणजे?"

तिने हेडफोन पुन्हा चढवला.

मी चिडलो. दार असं आपटलं की कडी निघून पडली. बायको धावत आली. "अहो, तिला ओरडू नका, आधीच काय कमी ऐकलंय का तिने तिकडे?" मला पण कळतं ते. पण काळजी वाटली की माझ्या तोंडून शिव्याच येतात, त्याला मी तरी काय करू.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. हेडफोन खोलीत होता, बारकी आमच्यात. बायको तिच्या अगदी शेजारी, गुडघ्याला गुडघा लागून. बायको म्हणाली, "बारके, मीठ दे गं."

बारकीने वर बघितलं. आईकडे नाही. वर, छताकडे. आवाज तिथून आल्यासारखं. थोडा वेळ तशीच बघत राहिली, मग जोरात, लांबच्या माणसाला हाक मारावी तसं म्हणाली, "काय गं आई?"

बायकोच्या हातातला घास हातातच राहिला. मी तिच्याकडे बघितलं आणि तिने माझ्याकडे. मीठ मीच पुढे सरकवलं.

६

कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. माझं डोकं तिथे पण फिरेल म्हणून बायको एकटीच तिला घेऊन गेली. त्यांची पाठ वळली आणि मी तिच्या खोलीत जाऊन बसलो. पक्कड खिशात होती. तार कापायचीच होती. पण मोटार बंद करायच्या आधी एकदा ऐकून घ्यावं, ही पण सवयच.

हेडफोन लावला. आवाजाचं बटण अर्ध्याच्या पुढे नेलं.

आधी काही नाही. मग घड्याळ, वरून. मोरीतला नळ ठिबकतो, तो वरून. मी खुर्चीत हललो तर खुर्ची वर कुरकुरली. मी खोकलो तर एक म्हातारा वर खोकला, आणि तो मीच होतो.

आणि जवळ, अगदी जवळ, कुणाचा तरी श्वास.

मी माझा श्वास रोखून धरला. तो चालू राहिला. मी स्वतःला समजावलं, बाबा रे, आयुष्य मोटारींच्या गोंगाटात गेलं, कान कधीच गेलेत तुझे, हे रक्ताचे ठोके आहेत. मग मेकॅनिक करतो तेच केलं. आवाज कुठून येतो ते कळायला ठोकून बघतात. मी टाच उचलली आणि फरशीवर जोरात आपटली.

वर धाडकन आवाज झाला. नंतर बारीक काहीतरी झरझर सांडलं. आणि कानाशी, पांघरुणातून बोलावं तशी, बारकी म्हणाली,

"बाबा, पाय नका ना आपटू. माती पडते अंगावर."

कॉम्प्युटर बंद होता. केबल मी मागेच उपटलेली होती. मी कितीतरी वेळ तसाच बसलो, टाच फरशीला न टेकवता.

मग वर फाटक वाजलं. मग पावलं. धप, धप, बायकोची, तिचा उजवा पाय जरा घासतो. ओसरीतून आत आली, खोलीपर्यंत आली. एकटीची पावलं. मला वाटलं बारकी मागे राहिली असेल.

मी वळून बघितलं. दारात दोघी उभ्या होत्या.

"कान ठणठणीत आहेत म्हणाला डॉक्टर," बायको म्हणाली. बारकी चपला काढून खोलीत आली, टेबलापर्यंत चालत आली, माझ्यासमोरून पलीकडे गेली आणि पिशवी खुंटीला अडकवली. फरशीवर तिचे पाय पडताना मी बघत होतो.

हेडफोनमध्ये नुसता श्वास चालू होता.

७

तेव्हापासून बारकी सुधारली. पोटभर जेवते. आईला घरातल्या कामाला हात लावू देत नाही. काम वेळेवर जातं, जुन्या पाच-पन्नासवाल्या इअरफोनवर ऐकते आणि तरी एक चूक निघत नाही. डब्याकडे ती ढुंकून बघत नाही. मला सकाळी चहा आणून देते, "घ्या बाबा," म्हणते, गोड आवाजात. माझ्या पोरीने असला गोड आवाज कधी काढला नव्हता. ती माझ्यावर गेली होती.

बायको खूश आहे. "झालं ना सगळं नीट? उचला आता तो डबा."

मी तिला एकदा ऐकवलं. दोन्ही हातांनी हेडफोन धरून बसली बिचारी. "काही येत नाही हो," म्हणाली. "कान दाबल्यासारखं होतं नुसतं." मग हळूच म्हणाली, "तुम्हीच एकदा दाखवा ना डॉक्टरला."

दाखवीन पण. मी म्हणत नाही की मी शहाणा आहे.

पण दुपारी मी डब्यापाशी बसतो आणि हेडफोनमधून बारकी बोलते. रोज नाही. आई काय करते विचारते. एकदा म्हणाली, "इथे बरं आहे बाबा, पण आता तुमचा आवाज नीट येत नाही." मी मागचा खटका हायवर टाकला. पाइपाशी पुन्हा मीठ-पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि तरी तिचा श्वास आधीपेक्षा बारीक येत होता. बोअर मी स्वतः खणून घेतलेली आहे. खाली अजून कितीतरी जागा आहे, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

बोअरचा पत्रा उघडून हाक मारावी, हे काय मला सुचलं नाही का. एका दुपारी पत्रा कापायचा ग्राइंडर घेऊन गेलो होतो. पत्र्याला हात लावला तर सावलीत असूनही तो खालून ऊब आल्यासारखा कोमट होता. मी ग्राइंडर घेऊन परत आलो. माझ्यासारखा माणूस. जाऊ द्या.

आज दुपारी मी हेडफोन लावून बसलो होतो आणि बारकी आत आली, म्हणजे वरची. तिच्या हातात माझी पक्कड होती. मला ती आल्याचं कळलंही नाही. समोर उभी राहिली तेव्हा दिसली.

"बाबा, कापा आता ती तार."

"तुला काय त्रास आहे तिचा?"

"मला नाही, आईला आहे. रडते ती, तुम्हाला असं बसलेलं बघून. सगळं नीट झालंय ना? मग कशाला?"

खरंच नीट झालं होतं. तेच तर. माझ्या कानात श्वास थांबला. खालची ऐकत होती.

"कापतो," मी म्हटलं. "आधी माझं एक काम कर. इथून दारापर्यंत चालून दाखव."

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे माझ्याच पोरीचे होते, डाव्या भुवईवरची खूण पण तिचीच. रागावली नाही. बारकी असती तर रागावली असती, म्हणाली असती, बाबा, तुमचं डोकं फिरलंय का.

"चालते की," ती म्हणाली. "तुम्ही ते कानातलं काढा. मग चालते."

मी काढलं नाही. ती पण हलली नाही. स्वयंपाकघरात बायको पाणी भरत होती, ते मला डोक्यावर ऐकू येत होतं. माझ्या हातून आयुष्यात किती वस्तू फुटल्या, दारं मोडली, भांडी आपटली, आणि आज मला साधा आवाज चढवायची भीती वाटत होती. मी मान खाली घातली आणि फरशीशी बोललो.

"बारके, मी आहे इथे. अजून खाली जाऊ नको."

कानात खूप लांबून काहीतरी आलं. हो म्हणाली का नुसतीच माती सरकली, ते मला सांगता येणार नाही.

समोरच्या पोरीने पक्कड पुढे केली. मी ती तिच्या हातातून घेतली, मांडीखाली घातली आणि तशीच दाबून बसून राहिलो.